पंधरा घरांचं कडं

१९८३ च्या मार्चमध्ये वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात जर्मनीहून ग्राइंडिंगचं नवं मशीन आलं आणि ते जोडून द्यायला एक उंच, लालबुंद इंजिनिअर आला. हात रॉकेलने धुण्याआधी तो मनगटावरचं घड्याळ काढून टूलरूमच्या टेबलावर ठेवी. दामाजी त्याच टेबलाशी उभा असे. पस्तिशीचा टर्नर, चेंदणी कोळीवाड्यातला, घरातला पहिला पगारदार.

घड्याळ रोलेक्स होतं, पाणबुड्यांसाठी बनवलेलं. काळी तबकडी, अंधारात चमकणारे जाड काटे आणि काचेभोवती फिरणारं कडं. कड्यावर एके ठिकाणी रेडियमचा बारीक मोती होता. इंजिनिअरने खुणांनी समजावलं: पाण्यात उतरताना मोती मिनिटकाट्यासमोर आणायचा, म्हणजे किती मिनिटं झाली ते कळतं. कडं एकाच दिशेला फिरतं. चुकून धक्का लागला, तरी घड्याळ सांगणार की वेळ जास्त गेली. कमी गेली असं कधीच सांगणार नाही.

दामाजीला ते फार आवडलं. चूक होणारच हे धरून ती कुठल्या बाजूला पडावी, हे कुणीतरी ड्रॉइंग बोर्डसमोर बसून ठरवलं होतं. इंजिनिअरला विचारून त्याने जेवणाच्या सुट्टीत व्हर्निअरने घड्याळाची सगळी मापं घेतली. बाहेरचा व्यास चाळीस मिलिमीटर. बाकीची चोवीस मापं त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिली. इंजिनिअर निघून गेला. पान राहिलं.

तसलं घड्याळ विकत घ्यायचं तर त्याची काही वर्षांची कमाई गेली असती. तो विचार त्याला शिवलाही नाही. करून बघावं, एवढंच मनात आलं.

फोरमन महिपतच्या परवानगीने त्याने भंगारात जाणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या गजाचा एक तुकडा घेतला आणि जेवणाच्या सुट्टीतल्या अर्ध्या तासात तो लेथवर कोरू लागला. आतलं यंत्र टेंभी नाक्यावरच्या विश्राम घड्याळजीने दिलं, एका जुन्या चावीच्या एचएमटीचं. काटे दामाजीने पितळेच्या पत्र्यातून कानशीने घासून काढले. काच म्हणजे अ‍ॅक्रिलिकची चकती, ती तो घरी ओट्यावर बसून ब्रासोने घासत बसे. पाणी आत जाऊ नये म्हणून रबराची रिंग बसवली, तरी पहिल्या चार केसमध्ये पाणी शिरलं. शेवंती, त्याची बायको, मासळी धुवायच्या टोपात घड्याळ बुडवून ठेवी आणि संध्याकाळी वर काढून ओरडे, "अहो, हे बघा, तुमच्या रोलेक्सला घाम फुटला!"

सगळ्यात तिखट बोलणं बापाचं. गोमाजी तेव्हा पासष्टीचा होता, खाडीत एकटा होडी घालणारा.

"पाण्यातलं घड्याळ," तो जाळं शिवता शिवता म्हणे, "आणि कुणाच्या हातात? जो पाण्यात जात नाही त्याच्या. वा रे माझ्या वाघा!"

दामाजी हसण्यावारी नेई. पण घाव बसायचा तिथेच बसत होता. अठराव्या वर्षी त्याने वल्हं खाली ठेवलं होतं आणि कारखान्याचा पास खिशात घातला होता. बापाने अडवलं नव्हतं. त्यानंतर होडीवर त्याने मुलाकडून एका खिळ्याचंही काम करून घेतलं नाही, इतकंच.

पाचवी केस १९८६ च्या दिवाळीत कोरडी राहिली. घड्याळ झालं. आठवड्याला दोन मिनिटं पुढे जाई, पण झालं.

त्याच वर्षी दामाजीची आई, दगडाबाई गेली. तिच्यामागे घरात एक अडचण उभी राहिली, आणि ती कळायला वर्ष लागलं.

खाडीत होडी घालणाऱ्याला तिथी लागते. अमावास्येला आणि पौर्णिमेला चेंदणीच्या बंदरात साडेबाराच्या सुमाराला भरती पुरी होते. तिथून रोज पाणी पाऊण तास उशिरा येतं. तिथी सांगा, गोमाजी पाण्याची वेळ सांगेल. तिथी तो चंद्रावरून काढी, आणि चंद्र दिसला नाही तर चुलीवरून. दगडाबाई सगळे उपास धरी. वरीचे तांदूळ शिजले की एकादशी. आता चूल बोलेनाशी झाली, आणि डोळ्यांत काचबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंबांवर टिकेल. समोरचा माणूस आकारावरून ओळखू येई, वस्तू डाव्या डोळ्याजवळ धरली तर दिसे. चंद्र दिसत नव्हता.

सुनेला विचारता आलं असतं. भिंतीवर कॅलेंडर होतं. पण आज तिथी कोणती हे दुसऱ्याला विचारणारा कोळी कसला, असं गोमाजीचं मत, आणि ते मत त्याने आयुष्यभर चारचौघांत बोलून दाखवलं होतं. १९८७ च्या पावसाळ्यानंतर एकदा तो तिथी चुकला. डोक्यावर जाळं घेऊन बंदरावर आला, तर समोर नुसता गाळ. दोन तास पायरीवर बसून राहिला. पोरं हसली. शेजारचा धाकू, दामाजीच्याच वयाचा, रोज खाडीत जाणारा, संध्याकाळी घरी आला.

"दामा, होडी वीक आता. गोमाका जाईल एक दिवस."

आतून आवाज आला, "कोण जाईल ते खाडी ठरवील. तू तुझं जाळं बघ."

पण त्यानंतर होडी आठवड्यातून चार दिवस बांधलेलीच दिसू लागली. म्हातारा ओटीवर बसून राही. जेवण कमी झालं. खाडी सुटली तर हा माणूस टिकणार नाही, हे दामाजीला दिसत होतं, आणि ती सुटत चालली होती ती एवढ्यासाठी, की त्याला विचारता येत नव्हतं.

उपाय त्याला कारखान्यात सुचला, चकतीचे सारखे भाग पाडणाऱ्या डिव्हायडिंग हेडवर गिअरचे दाते पाडताना. अमावास्या ते पौर्णिमा पंधरा तिथी. पाणी रोज अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे सरकतं असं धरलं, तर पंधरा दिवसांत बरोबर बारा तास होतात, म्हणजे तासकाट्याची एक पुरी फेरी. घड्याळाच्या कड्याला साठ मिनिटांऐवजी पंधरा घरं पाडली आणि रोज एक घर फिरवलं, तर मोती ज्या आकड्यासमोर येईल ती त्या दिवसाची भरतीची वेळ. आकडेमोड नको. चंद्र नको. कुणाला विचारणं नको.

नवं कडं करायला तीन महिने लागले. मोती त्याने रेडियमचा न करता पितळेचा केला, अंगठ्याला लागेल असा उंच. प्रत्येक घराला कडं टक असं वाजे. मूळचं कडं डावीकडे फिरतं, भरती मात्र उजवीकडे सरकते. म्हणून कड्याला एकाच बाजूला फिरू देणारी आतली खिटी त्याने उलटी बसवली.

विश्राम घड्याळजीने भिंग लावून ते पाहिलं. "काम झकास आहे दामाजी. पण त्या लोकांनी कडं एकाच बाजूला का ठेवलं, ठाऊक आहे ना? तू ते उलटं केलंस."

"माझं काम वेगळं आहे," दामाजी म्हणाला.

खरी शंका शेवंतीने काढली. ती संकष्टी धरत असे, कॅलेंडरवर तिची नजर असे. "आणि क्षयतिथीला काय करायचं? कधीकधी एक तिथी गळते ना? त्या दिवशी दोन घरं फिरवायला लागणार. आणि वृद्धी असली, तीच तिथी दोन दिवस आली, की फिरवायचंच नाही."

दामाजीला हे सुचलं नव्हतं. कोळ्याच्या पोटी जन्मून त्याने चंद्राचे पंधरा सारखे भाग केले होते, गिअरचे करतात तसे. दोन दिवस त्याने डोकं खाजवलं. खिटी, चाक, काहीतरी बसवून तिथी आपोआप गळेल असं करता येईना. शेवटी तो म्हणाला, "मी आहे ना. दर पौर्णिमेला पुसायला घेईन तेव्हा मोती जागेवर आणून ठेवीन."

"मामंजींना सांगा तसं."

"सांगितलं तर म्हणतील, मग तुझ्या घड्याळापेक्षा कॅलेंडर काय वाईट?"

हे खरं होतं. पण त्याने सांगितलं नाही त्याचं कारण एवढंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तो बापाच्या हातात पाण्याची वस्तू ठेवणार होता. तिच्यात खोट आहे, हे त्याला स्वतःच्या तोंडाने म्हणवेना.

१९८८ च्या नारळी पौर्णिमेला त्याने घड्याळ गोमाजीच्या मनगटावर बांधलं. म्हाताऱ्याने ते डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, अंगठ्याने मोती चाचपला.

"सकाळचा चहा झाला की चावी द्यायची आणि एक घर फिरवायचं, बा. रोज एक. बस."

"आणि पाणी याच्यासारखं नाही आलं तर?"

"पाणी चुकेल. हे नाही चुकणार."

गोमाजीने पुढचे पंधरा दिवस रोज बंदरावर जाऊन ताळा घेतला. घड्याळ पाच-दहा मिनिटांच्या आत बरोबर येत होतं. सोळाव्या दिवशी त्याने होडी सोडली. परत आला तो टोपलीत बोईट घेऊन, आणि बंदरावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात धाकूला म्हणाला, "काय रे, उद्याचं पाणी किती वाजता? नाही माहीत? मला विचार. माझ्या पोराने केलंय."

हे वाक्य दामाजीला तीन वेगवेगळ्या माणसांनी येऊन सांगितलं. तिन्ही वेळा त्याने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

वर्ष चांगलं गेलं. म्हातारा खाडीत जात होता, जेवत होता, सुनेच्या कालवणातल्या मिठाला नावं ठेवत होता. दर पौर्णिमेला दामाजी घड्याळ पुसायला घेई, वेळ जुळवी, आणि मोती मागे असला तर हळूच एक घर पुढे सरकवी.

१९८९ च्या कार्तिकी पौर्णिमेनंतर कंपनीने त्याला नाशिकजवळच्या नव्या कारखान्यात मशीन जोडायला पाठवलं. सांगितले होते पंधरा दिवस. झाले तीन महिने. रविवारीही काम होतं. मधल्या पौर्णिमा आल्या आणि गेल्या.

तिसऱ्या महिन्यात शेवंतीचं अंतर्देशीय पत्र आलं. मुलाच्या परीक्षेचं, नळाचं लिहून झाल्यावर शेवटी दोन ओळी होत्या: ‘मामंजी म्हणतात, हल्ली पाणी उशिरा येतं. खाडीत भराव टाकतात त्याने असेल म्हणतात. तुम्ही यायचं बघा.’

दामाजीला वाचताक्षणी कळलं. पाणी उशिरा येत नव्हतं, मोती मागे पडला होता. शेवंतीलाही कळलं असणार, म्हणून तर तिने लिहिलं. एक पोस्टकार्ड पुरलं असतं: बाला सांग, दोन घरं जादा फिरव. पण ते लिहिणं म्हणजे सगळंच लिहिणं. आठ दिवसांत काम संपणार होतं. जाऊन आपल्या हाताने फिरवू, असं त्याने ठरवलं आणि पत्र खिशात ठेवलं.

सहाव्या दिवशी कारखान्यात फोन आला.

झालं ते असं. माघातली द्वादशी होती. भरती दहा वाजता पुरी व्हायची, मोती साडेआठ दाखवत होता. गोमाजी सकाळी होडी घेऊन खाली दक्षिणेकडे गेला. दुपारी साडेचारला परत फिरला. घड्याळाप्रमाणे पाणी चढू लागून दोन तास होत आले होते. त्या पाण्यावर होडी आपसूक बंदराकडे येते. प्रत्यक्षात ओहोटी तेव्हा कुठे तळाला टेकत होती. वल्ह्याला पाणी उलटं लागत होतं. म्हाताऱ्याला वाटलं, आपल्या हातांत जोर उरला नाही. मग होडी गाळाला लागली. घड्याळ म्हणत होतं इथे कमरेएवढं पाणी असायला हवं. पाणी नाही, म्हणजे आपण मधली वाट सोडून काठाच्या उथळात आलो, असा त्याने हिशेब केला. साठ वर्षांची खाडी आणि दीड वर्षाचं घड्याळ, यांत त्याने खाडीवर अविश्वास दाखवला. होडी दुसरीकडे ढकलायला तो खाली उतरला आणि मांड्यांपर्यंत रुतला. कालवांच्या कपच्यांनी पिंढरी फाटली. मग खरंच पाणी चढू लागलं. होडी सुटून गेली. तिवराच्या एका फांदीला धरून तो उभा होता. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा, दिवेलागणीच्या सुमाराला, घरी परतणाऱ्या धाकूला तो दिसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामाजी हॉस्पिटलात पोचला. पायाला बत्तीस टाके होते. घड्याळ मनगटावरच होतं, काचेवर गाळ वाळलेला. आत पाण्याचा थेंब नव्हता. सकाळचा चहा झाल्यावर म्हाताऱ्याने कॉटवर पडल्या पडल्या एक घर फिरवलंही होतं.

"बा."

"आलास? तुझ्या वस्तूला काही झालं नाही बघ. चालू आहे."

"ते राहू दे."

"वाट चुकलो मी पोरा." गोमाजी छताकडे बघत बोलत होता. "घड्याळ सांगत होतं पाणी आहे. पाणी असणारच. मीच भलतीकडे गेलो. सरळ वाट ती. डोळे मिटून येत होतो रे मी."

दामाजीने त्याच्या मनगटावरून घड्याळ सोडवलं. समोरच्या भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर त्रयोदशी होती. त्याने कडं फिरवलं. टक. टक.

"काय करतोस?"

"गाळ बसलाय," दामाजी म्हणाला. "पुसतोय."

बोलायचं होतं तर ते तेव्हाच. तो नंतर शेवंतीपाशी हे अनेकदा कबूल करी.

गोमाजी महिन्याने घरी आला आणि पहिल्याच दिवशी त्याने धाकूला बोलावून होडी देऊन टाकली. जाळीही दिली. घड्याळ मात्र दामाजीला परत केलं. "चांगली वस्तू आहे. ज्याला वाट आठवते त्याला दे."

त्यानंतर तो दोन वर्षं जगला. बंदराच्या पायरीवर जाऊन बसे, आणि कुणी विचारलं, गोमाका, होडी का सोडली, तर एकच उत्तर देई: "वाट विसरलो." आधी शरमून सांगे, पुढे पुढे सवयीने, कुणी न विचारताही सांगू लागला. घरात हळूहळू तो बाकीच्या गोष्टींतही स्वतःवर अविश्वास दाखवू लागला. मोरीकडे जाताना विचारी, "इकडेच ना गं?" ज्या घरात तो जन्मला होता, त्या घरात.

"सांगून टाका हो," शेवंती म्हणे. "शिव्या घालतील. घालू देत की. निदान स्वतःला तरी शिव्या घालायचे थांबतील."

"सांगतो."

"कधी?"

दामाजीने १९९० ची नारळी पौर्णिमा ठरवली होती. त्या दिवशी धाकू म्हाताऱ्याला न्यायला आला, होडी सजवून. "चला गोमाका, तुम्हीच नारळ टाका." गोमाजी उठलाच नाही. "मी बसलो तर भलतीकडेच नेईन," म्हणाला आणि आत जाऊन पडला. असल्या दिवशी कसं सांगायचं, म्हणून राहिलं. पुढच्या वर्षी म्हाताऱ्याला ताप होता. मध्ये सातशे साधे दिवस होते, त्यांतल्या प्रत्येक दिवसाला काहीतरी कारण सापडलं.

१९९२ च्या पौषात गोमाजी झोपेतच गेला.

दहाव्याला सगळे बंदरावर जमले. भटजींना विधी पाणी भरलेलं असताना हवा होता. भरती किती वाजता, असं कुणीतरी विचारलं आणि सगळ्यांनी दामाजीकडे पाहिलं. घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. तो रोज कॅलेंडर बघून कडं फिरवत असे. हॉस्पिटलातल्या त्या दिवसापासून एकही दिवस चुकला नव्हता.

"अकराला पाच मिनिटं कमी," तो म्हणाला.

माणसं पायऱ्यांवर बसून राहिली. पाणी एकेक पायरी चढत आलं. अकराला पाच मिनिटं असताना ते वरून चौथ्या पायरीला लागलं आणि थांबलं. कोपऱ्यात तरंगणारी झेंडूची पाकळी जागच्या जागी गोल फिरू लागली.

धाकूने घड्याळाकडे पाहून मान हलवली. "एक नंबर वस्तू रे, दामा. मिनिटाला मिनिट. असलं घड्याळ हातात असून गोमाका कसा वाट चुकला, तेच कळत नाही."

"चुकला नव्हता," दामाजी म्हणाला.

"काय?"

"बा वाट चुकला नव्हता. तो वाटेवरच होता. घड्याळ मागे होतं, दोन घरं. मला माहीत होतं. मी तिथे पोचल्यावर ते पुढे केलं आणि बोललो नाही."

त्याने हे सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. शेवंती बायकांत उभी होती, तिने मान खाली घातली. बाकीचे घड्याळाकडे बघत होते, मग पाण्याकडे. दोन्ही एकच वेळ सांगत होती.

धाकूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे रे. बाप गेला की सगळे असंच बोलतात. तू काय आता त्याची चूक अंगावर घेणार? त्याने स्वतः सांगितलंय मला. शंभरदा सांगितलंय."

"धाकू, ऐक—"

"चल, भटजी थांबलेत. पाणी उतरायला लागेल."

पाणी उतरायला लागलंच होतं. दामाजी पिंड घेऊन पायऱ्या उतरला. चेंदणीच्या बंदरावर गोमाजीचं नाव निघालं की आजही लोक सांगतात, फार मोठा कोळी, खाडी पाठ होती त्याला, पण शेवटी शेवटी वाट विसरला.